'द रोड'च्या शेवटी भेटणारं कुटुंब भलं की वाईट? असे शेवट समजून कसे घ्यायचे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'द रोड' हा कॉर्मॅक मॅकार्थीच्या कादंबरीवरचा सिनेमा, राख झालेल्या जगात चालत राहणाऱ्या बापलेकाचा. त्यात बाप गेल्यावर मुलाला जे कुटुंब भेटतं ते खरंच भलं आहे, की तेही माणसं खाणाऱ्यांपैकीच? आणि उदास कादंबऱ्यांवरचे सिनेमे असे अधांतरी का संपतात, त्यांचा अर्थ लावायचा कसा? उत्तरात 'द रोड', 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' आणि 'द मिस्ट' या तिन्हींचे शेवट येणार आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं, कारण हे सिनेमे पहिल्यांदा बघण्याची संधी एकदाच मिळते.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. कुटुंब भलं आहे. 'दिग्दर्शकाने ते प्रेक्षकांवर सोडलंय' असं तुम्हाला बरेच जण सांगतील, पण मला ते पटत नाही. ही गोष्ट प्रेक्षकांवर सोडलेली नाही. सोडलेली गोष्ट वेगळीच आहे आणि ती जास्त जड आहे.

आमचा नाशकात वाचणाऱ्या-बघणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. गंगापूर रोडला एका मैत्रिणीच्या घरी जमतो. नियम एकच, आधी कादंबरी वाचायची, मग सिनेमा बघायचा. 'द रोड' झाला तेव्हा वाद पेटला तो त्या कुटुंबातल्या माणसाच्या अंगठ्यावरून. गाय पिअर्सने केलेल्या त्या माणसाच्या हाताला अंगठा नाही. एक जण हटूनच बसला होता, 'अंगठा तुटलेला माणूस भला कसा? काहीतरी केलं असणार त्याने.' त्यावर दुसरीने कादंबरीतला चोर काढला. बापलेकाची सामानाची गाडी पळवणाऱ्या त्या चोराची बोटं छाटलेली असतात. कुठल्याशा टोळीने शिक्षा करून हाकलून दिलेला तो माणूस. म्हणजे छाटलेलं बोट या जगात 'टोळीतून बाहेर काढलेला' अशीही खूण असू शकते, आणि माणसं खाणाऱ्या टोळीने ज्याला बाहेर काढलं तो वाईटच असेल असं कशावरून? अंगठ्याने काहीच सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं. सिनेमाने तो आपल्याला घाबरवायला ठेवलाय, कारण त्या क्षणी मुलगाही घाबरलेला आहे आणि आपण मुलाच्या जागी उभं राहावं अशी त्याची इच्छा आहे.

मग सिद्ध कशाने होतं? सिनेमात कुत्र्याने. तळघरात भरपूर अन्न सापडतं, आंघोळ होते, पोट भरतं, आणि वरून कुत्र्याचा आवाज आला म्हणून बाप घाईघाईने मुलाला घेऊन निघतो. शेवटी त्या कुटुंबासोबत कुत्रा आहे. बाई सांगते, आम्ही तुमच्या मागावर होतो, तुमची काळजी वाटत होती. आता बघा, ज्या जगात माणूस माणसाला खातोय तिथे या कुटुंबाने कुत्रा जिवंत ठेवलाय, आपल्या ताटातलं त्याला दिलंय. दोन मुलंही सांभाळली आहेत. यापेक्षा मोठा दाखला त्या जगात कोण देणार? आणि त्याच कुत्र्याला घाबरून बापाने ते तळघर सोडलं असेल, तर त्याने पोराला नेमकं कुणापासून वाचवलं, हा विचार आला की छातीत कळ येते. मला तरी हा सिनेमातला सगळ्यात क्रूर धागा वाटतो, आणि तो दिग्दर्शक जॉन हिलकोटने आवाज न चढवता विणलाय.

कादंबरीत दाखला आणखी पक्का आहे. कॉर्मॅक मॅकार्थीची ही कादंबरी २००६ची, २००७ साली तिला पुलित्झर मिळालं. तिथे मुलगा तीन दिवस वडिलांच्या प्रेताजवळ थांबतो. मग तो माणूस येतो. मुलाला एकच काळजी, बाबांना असं उघड्यावर टाकून कसं जायचं, कुणीतरी बघेल. माणूस म्हणतो, मी त्यांना पांघरूण घालतो. आणि थोड्या वेळाने मुलगा निरोप घ्यायला परत जातो तेव्हा वडील खरंच घोंगडीत गुंडाळलेले असतात, कबूल केल्याप्रमाणे. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलंय. प्रेत म्हणजे जिथे अन्न, तिथे त्या माणसाने प्रेताला हात लावला तो झाकण्यासाठी, वर उबेची एक घोंगडीही मेलेल्यासाठी खर्च केली. पुढे बाईबद्दल येतं की ती मुलाशी अधूनमधून देवाबद्दल बोलायची, आणि मुलाला मात्र वडिलांशीच बोलणं बरं वाटायचं. 'बोलायची' म्हणजे बरेच दिवस गेले. मुलगा जगला. कादंबरीने हे सांगून टाकलंय.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. कादंबरीकडे निवेदक असतो. तो एका ओळीत महिने पुढे जाऊ शकतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही, त्याला 'आत्ता'च दाखवता येतं. मुलगा पुढे त्या कुटुंबात राहिला हे दाखवायचं तर आणखी एक प्रसंग हवा, आणि तो घातला की शेवट ढिला पडतो. म्हणून सिनेमा भेटीपाशीच थांबतो. निवेदकाची ती एक ओळ गळाली आणि आपल्याला वाटायला लागलं की दिग्दर्शकाने कोडं घातलंय. उदास कादंबऱ्यांवरच्या सिनेमांचे जे शेवट आपल्याला संदिग्ध वाटतात, त्यातले बरेचसे असे असतात. पुस्तकातलं एखादं वाक्य पडद्यावर येऊ शकलं नाही, त्याची ती रिकामी जागा असते.

त्याच कादंबरीचा अगदी शेवटचा परिच्छेद घ्या. तिथे ना मुलगा आहे, ना ते कुटुंब. पूर्वी डोंगरातल्या झऱ्यांमध्ये ट्राउट मासे असायचे, त्यांच्या पाठीवर जगाच्या जन्माचे नकाशे असावेत अशी नक्षी असायची, आणि जे गेलं ते पुन्हा जागेवर बसवता येणार नाही, असं निवेदक सांगतो. मुलगा वाचला, पण जग गेलं. हे कुठलंच पात्र बोलत नाही, त्यामुळे सिनेमात त्याला तोंडच नाही. सिनेमाने त्याऐवजी श्रेयनामावली चालू असताना जुन्या जगाचे आवाज ठेवलेत, मुलांचे, कुत्र्याचे, वस्तीचे. खुर्चीतून लगेच उठणाऱ्यांचं ते हुकतं. हे आवाज आठवण आहेत की आशा, ते सिनेमा सांगत नाही. खरी संदिग्धता असेल तर ती इथे आहे. 'कुटुंब भलं आहे का' याला पुराव्याने उत्तर देता येतं. 'एवढ्या राखेत एक मूल वाचलं, ते पुरेसं आहे का' याला पुरावा काय देणार?

म्हणून मी हे दोन प्रश्न नेहमी वेगळे काढते. काय घडलं, हा एक. घडलं त्याचं काय करायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा सिनेमातच सापडतं, फक्त नीट बघावं लागतं.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' याचा उत्तम नमुना आहे. मूळ कादंबरी मॅकार्थीचीच, २००५ची. कोएन बंधूंचा सिनेमा २००७चा, चार ऑस्कर मिळवणारा. शेवटाकडे मारेकरी शिगर हा कार्ला जीनच्या घरी येतो. पैशांसाठी तो ज्याच्या मागे लागलेला असतो, त्याची ही बायको. ती मेली की वाचली? सिनेमात गोळीचा आवाज नाही, रक्त नाही. शिगर दाराबाहेर येतो, ओट्यावर थांबतो आणि बुटांचे तळवे तपासतो. बस्स. पण याआधीचा हॉटेलातला प्रसंग आठवा. त्याने वेल्सला, म्हणजे त्याच्याच मागावर पाठवलेल्या माणसाला, गोळी घातलीय, तो फोनवर बोलतोय आणि जमिनीवरून रक्त आपल्याकडे सरकतंय म्हटल्यावर शांतपणे पाय वर उचलून घेतोय. या माणसाला बुटाला रक्त लागलेलं चालत नाही, हे तेव्हाच सांगून झालं होतं. म्हणजे कार्ला जीन गेली. इथे संदिग्धता उरतच नाही.

पण काय बदललंय ते बघा. शिगर नाणं उडवून तिचा जीव ठरवायला बघतो. कादंबरीत ती नाण्याचा कौल घेते, छापा की काटा सांगते आणि हरते. सिनेमात ती कौल घ्यायलाच नकार देते. ठरवणारं नाणं नाही, तूच आहेस, असं त्याच्या तोंडावर सांगते. मरण तेच, पण ती हरून मेली नाही. मला सिनेमातली कार्ला जीन कादंबरीतल्यापेक्षा मोठी वाटते, आणि कादंबरीची मी भक्त असूनही हे म्हणते.

मग शेवटी म्हातारा शेरीफ बायकोला स्वप्न सांगतो. थंडी, अंधार, डोंगरातली वाट. वडील घोड्यावरून काही न बोलता पुढे निघून जातात, त्यांच्याजवळ शिंगात जपलेला विस्तव आहे, आणि पुढे कुठेतरी ते शेकोटी करून वाट बघत असतील हे त्याला ठाऊक आहे. मग जाग येते आणि सिनेमा संपतो. थिएटरात अनेकांना इथे फसवल्यासारखं वाटतं. पण 'द रोड'मधल्या बापलेकाचा मंत्र आठवा, आपण विस्तव घेऊन चाललोय. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन कादंबऱ्या. पहिलीत विस्तव म्हाताऱ्याच्या स्वप्नात आहे आणि तो जागा होतो. दुसरीत तो एका पोराच्या हवाली केलाय. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितलेत तर मी काय म्हणतेय ते जास्त कळेल.

आता उलट उदाहरण, थोडक्यात. 'द मिस्ट'ची मूळ दीर्घकथा स्टीफन किंगची, १९८०ची. तिचा शेवट उघडा आहे. धुक्यातून गाडी चाललीय, रेडिओवर एका शहराचं नाव ऐकू आल्यासारखं वाटतं, आशेला जागा आहे. फ्रँक डॅराबाँटने २००७च्या सिनेमात ते दार धाडकन लावून टाकलं. बाप गाडीतल्या चौघांना, पोटच्या पोरालाही, गोळी घालतो आणि काही क्षणांत धुक्यातून लष्कर येतं. त्यामुळे 'सिनेमावाले शेवट धूसर करतात' हा सरसकट नियम नाही. आणि स्पष्ट शेवट प्रेक्षकाला सुखाने झोपू देतो, असंही नाही.

आपल्याकडे हे नवं नाही, म्हणून मला मराठी वाचकांनी अशा शेवटांपुढे गांगरावं याचं वाईट वाटतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा. दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन वाडी सोडतात, शेवटी मास्तरही निघतो. ते सगळे जगले का? सांगितलेलं नाही. आमच्या गटातला एक मित्र नांदगावकडचा, त्याचं बालपण टंचाईत गेलं. तो म्हणाला, 'जगायला गेलेत म्हणजे जगले असतील कुठेतरी. वाडी परत भरली का, हे विचारा.' 'द रोड'च्या चर्चेत हे ऐकलं आणि अंगठ्याचा वाद तिथेच मिटला. शांता निसळ यांच्या 'बेघर'वरचा जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) घ्या. नायिका सुलभा शेवटी दुसऱ्यांदा घर सोडते. ती कुठे गेली, असं आपल्यात कुणी विचारत नाही. तिने जायला हवं होतं का, यावर मात्र घराघरांत भांडणं होतात. प्रश्न कुठला विचारायचा ते आपल्याला कळतं, मग परक्या सिनेमासमोर आपण एकदम पुरावे गोळा करायला का बसतो?

तुम्ही 'द रोड' पुन्हा बघणार असाल तर पूर्ण नाही बघितलात तरी चालेल. तळघराच्या प्रसंगापासून लावा, कुत्र्याच्या आवाजाकडे कान ठेवा आणि श्रेयनामावली संपेपर्यंत बंद करू नका. कादंबरी हाताशी असेल तर शेवटची दोन-तीन पानं त्यानंतर लगेच वाचा. ते मागचे आवाज तुम्हाला आठवण वाटले की आशा, ते इथे खाली लिहा. आमच्या गटात अजून यावर एकमत नाही. मी स्वतः आठवणीच्या बाजूची आहे.