जर्मनीत सीएसआरची नोकरी शोधणार असशील तर

गोव्यात डिचोली तालुक्यात एका खाण कंपनीच्या सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागात सहा वर्षं काढलीस, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यात मास्टर्स आहेस, पुढच्या वर्षी नवऱ्यासोबत जर्मनीला यायचा विचार आहे, तर इथे हेच काम मिळेल का, असं तू विचारलंस. काम मिळेल, पण 'हेच' मिळणार नाही. मी 2019 ला तिथल्याच साखळी गावाहून निघालो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडचं तुला पाठच आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे, आणि सातव्या अनुसूचीतली कामांची यादी. नफा कसा मिळवला हे ते कलम विचारत नाही. मिळाल्यावर त्यातलं किती खर्च केलं, तेवढं विचारतं. माझ्या वेळी खाणीच्या खड्ड्यातून पंप रात्रंदिवस पाणी उपसायचे, वाड्यावरच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठायच्या, आणि मग आम्ही टँकर पाठवायचो. टँकरवर फाउंडेशनचं नाव ठळक. कळशी भरता भरता एक आजी मला म्हणाली, "आमचेंच उदक आमकांच हाडून दितात, पुता." (आमचंच पाणी आम्हालाच आणून देतात, बाळा.) मी वहीत लाभार्थ्यांचा आकडा लिहिला आणि पुढच्या वाड्यावर गेलो. ते अजून टोचतं.

मग 2018 आलं. 7 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणी बंद पडल्या. खनिज वाहणारे टिपर ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते मात्र चालू. गावाला आधाराची खरी गरज तेव्हा होती, आणि नफा नाही म्हणून आमचं बजेट नेमकं तेव्हाच आटत गेलं. तीन वर्षांची सरासरी असते म्हणून एका झटक्यात संपलं नाही, एवढंच. शाळेच्या दप्तरांवर आधी कात्री, मग शिवणवर्गावर, मग आमच्यावर.

इथे हिशेबच निराळा आहे. पगारावर पेन्शनसाठी 18.6 टक्के कापतात, निम्मे माझे, निम्मे कंपनीचे. आरोग्य विम्याचे 14.6 आणि वर थोडे, तेही निम्मे-निम्मे. आयकर वेगळा. (पहिली पगारपत्रिका बघून मला घाम फुटला होता, तुम्हीही तयारी ठेवा.) शाळा, दवाखाना यांची सोय या पैशांतून होते, त्यामुळे कंपनीने शाळेला बाकं दिली तर लोक आधी नगरपालिका झोपली होती का, असं विचारतील. अगदी काही करतच नाहीत असं नाही. आमचा एक फिटर गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात आहे. पेजर वाजला की हातातलं काम टाकून तो पळतो, आणि त्याला सोडणं कंपनीवर बंधनकारक असतं. तेवढ्या वेळचा पगार नगरपालिका कंपनीला भरून देते.

कामगारांचंही तसंच. पाच माणसं असली तरी त्यांना आपली कामगार समिती निवडता येते. 2000 च्या वर कामगार असलेल्या कंपनीत व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा त्यांच्या. आपल्याकडे जे कंपनीच्या मर्जीवर चालतं, त्यातलं बरंच इथे कायद्याने आधीच ठरून गेलंय.

मग इथल्या कंपनीत आमच्या विभागाला काम काय? पुरवठादार. 2023 पासून इथे पुरवठा साखळीचा कायदा आहे, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडे माणसांचे हक्क पाळले जातात का, हे कंपनीने बघायचं. आधी 3000 कामगारांच्या कंपन्यांना होता, 2024 पासून 1000 च्या. मोठ्या कंपनीने जबाबदारी झटकली तर सरासरी वार्षिक उलाढालीच्या 2 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा तोच 2, पण तिकडे नफ्यातून खर्च, इकडे उलाढालीवर दंड! मागे महाराष्ट्रातल्या आम्हाला माल पुरवणाऱ्या एका फाउंड्रीची (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची) भरलेली प्रश्नावली आली. सगळीकडे 'होय'. तक्रारीची सोय? होय, पेटी लावली आहे, सोबत फोटो. माझा जर्मन सहकारी खूश. मी फोन करून विचारलं, किल्ली कुणाकडे असते? मॅनेजरसाहेबांकडे. अशी पेटी कोण उघडतं हे विचारायचं तुला कुणी शिकवावं लागणार नाही, आणि त्याचीच इथे किंमत आहे.

पण घाईने राजीनामा देऊ नकोस. 2025 पासून हा कायदा आणि कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी अहवालाचे युरोपचे नियम सैल करायचं चाललंय, त्यामुळे कंपन्या नवी माणसं घेताना हात आखडतात. इंग्रजीवर मुलाखत निघेल, रोजचं काम निघणार नाही. निदान बी2 पातळीपर्यंत (सहजपणे बोलता-लिहिता येण्याइतकं) जर्मन हवं, आणि त्यातलं जमेल तेवढं गोव्यातच कर. समाजकार्य हा इथे मान्यतेशिवाय करता न येणारा पेशा आहे, म्हणून एमएसडब्ल्यूवर थेट सोशल वर्कर होता येईल असं धरू नकोस. नोकरी शोधताना सीएसआरपेक्षा 'सस्टेनेबिलिटी' आणि 'सप्लाय चेन' हे शब्द टाक. आपल्या काही गोवेकरांना पूर्वजांमुळे मिळतो त्या पोर्तुगीज पासपोर्टचं म्हणशील, तर व्हिसाची कटकट सुटते, पण भारतीय नागरिकत्व जातं. घरच्यांशी बोलूनच ठरवा.

बायोडाटात टँकरच्या फेऱ्या आणि दप्तरांचे आकडे नकोत. किती तक्रारी ऐकल्यास, त्यातल्या किती सुटल्या आणि कुणाशी भांडून सुटल्या, ते लिही. कच्चा खर्डा पाठव, शनिवारी बसून बघतो.