कटर वापरला की सुईतला धागा निसटतो? ताई, आधी हे करून बघा

ताई, कटर म्हणजे मशीनच्या बाजूला असलेली धागा कापायची खाच, आत छोटं पातं असतं. त्यावर कापल्यावर धागा निसटला, म्हणून मशीन बिघडलेली नाही. सुरुवातीला बहुतेकांचं असंच होतं.

शिवण संपली की हातचाक आपल्याकडे फिरवून धागा ओढणारा दांडा पार वर आणा. तो अर्ध्यावर राहिला, तर पुढच्या पहिल्याच टाक्याला धागा वर खेचला जातो आणि सुई रिकामी होते. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण ही एक सवय आजपासूनच लावा.

मग फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचला. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे धाग्याला ताण देणाऱ्या, चकत्या धागा आवळून धरतात. तसंच ओढलंत तर सुई वाकू शकते. कापड मागे डावीकडे सरकवा आणि दोन्ही धागे, सुईचा आणि बॉबिनचा, एकत्र कटरच्या खाचेत घाला.

नवशिक्यांच्या आणखी दोन चुका:
- धाग्याचं टोक फार आखूड ठेवणं. ८ ते १० सेंमी हवंच, आणि पहिले दोन-तीन टाके घालताना ते हातात धरा.
- जरीचा किंवा जाड धागा कटरवर कापणं. त्याला कात्रीच बरी.

धारावीतल्या कारखान्यांत पायडल टाचेनं मागे दाबलं की प्लेटखालचं पातं धागा कापतं, तशी मशीन दिसेल. ते तंत्र वेगळं, आत्ता त्यात शिरू नका.

आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात मात्र कटरच्या पात्याजवळ साचलेला धाग्या-कापडाचा कापूस ब्रशने काढत राहा. ओल धरून तो पातं गंजवतो, आणि गंजाचा डाग पांढऱ्या कापडावरून सहज जात नाही.