आधी क्रॉसओव्हर उघडून बघा

जुन्या स्पीकरचा आवाज बिघडला म्हणून लगेच ट्विटर (उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर) बदलायची घाई करू नका. स्पीकर वीस-पंचवीस वर्षांचे असतील तर आधी क्रॉसओव्हरमधले (उंच आणि खालचे सूर वेगळे करून आपापल्या स्पीकरकडे पाठवणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासा. वयानुसार त्यांची व्हॅल्यू सरकते. त्याजागी पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे घाला, पण मायक्रोफॅरड (म्हणजे कपॅसिटरची व्हॅल्यू) तेवढेच हवेत, 4.7 म्हणजे 4.7. कपॅसिटरवर लिहिलेलं व्होल्टेज जुन्यापेक्षा जास्त असलं तरी चालेल. फिल्म कपॅसिटरचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे कधीकधी गाण्यातले 'स', 'श' कानाला टोचतात. मला हे कळायला महिना लागला! तसं झालं तर त्या कपॅसिटरच्या सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडून) अर्ध्या ओहमचा रेझिस्टर टाकून बघा. सोल्डरिंगआधी फोटो काढाच. आणि सुरुवातीला एकच स्पीकर करा. दुसरा तसाच ठेवून मोनोमध्ये (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देऊन) ओळखीचं गाणं आलटून पालटून ऐका. झांजेचा नाद विरताना नीट कान द्या, फरक तिथेच कळतो.