रिकामा टूबीएचके विकायचाय: फोटोत फर्निचर टाकून घेऊ की खरं भाड्याने आणून मांडू?

फोटोतलंच घ्या, आणि वाचलेल्या पैशांत भिंतींना एक हात रंग मारून चांगले दिवे लावा. पुण्यात रीसेलचे फ्लॅट दाखवतो, त्यावरून सांगतो: फोटोचं काम गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणणं, एवढंच. भाड्याच्या फर्निचरचं मात्र डिपॉझिट, टेंपो, हमाली आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत दरमहा भाडं, असं मीटर चालूच राहतं.

फोटोत कॉम्प्युटरवर फर्निचर टाकणाऱ्या एडिटरला खोलीची मापं मात्र आवर्जून द्या. 10 बाय 10 च्या बेडरूममध्ये 6 फुटी बेड आणि 2 फूट खोल कपाट मांडलं की चालायला उरतात जेमतेम 2 फूट. फोटोत तिथे ऐसपैस खुर्चीसुद्धा बसवलेली असते! प्रत्यक्षात आलेला माणूस मग दारातूनच मागे फिरतो. फोटोखाली ‘फर्निचर काल्पनिक’ लिहा. फोटोतून भिंतीची ओल, तडे पुसायला लावू नका, ती फसवणूक झाली.

अपवाद एकच: हॉल तिरपा किंवा बोगद्यासारखा लांबट असेल, तर सोफा कुठे बसेल हे रिकाम्या जागेत कुणाला कळत नाही. तिथे फक्त हॉलपुरतं खरं सामान महिनाभर आणा.