वाचकांचे प्रश्न : लोकलचा आवाज का बदलला?

प्रश्न : माझे वडील नोकरीनिमित्त बरीच वर्षे डोंबिवलीत राहत. सुटीत आम्ही भावंडे सोलापूरहून त्यांच्याकडे जात असू. तेव्हाच्या लोकलचा सुटतानाचा हिसका आणि डब्याखालची घरघर मला अजून आठवते. आता मुलगी ठाण्यात असते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने कल्याणला उतरून मी पुढे लोकलने जातो, तर ती घरघर कुठेच नाही. गाडी सूर लावल्यासारखी सुटते. हा फरक कशाने पडला आणि जुन्या गाड्यांचे काय झाले? शिवाय, आपली सोलापूरची वंदे भारत ही मुळात लोकलच्याच जातीची गाडी आहे, असे एका रेल्वे कर्मचाऱ्याने मला सांगितले. ते खरे मानावे काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लोकलचे वय बहुतेक जण रंगावरून ठरवतात. पिवळी-तपकिरी ती जुनी आणि पांढरी-जांभळी ती नवी, असा ढोबळ हिशेब असतो. रंग मात्र कारशेडमध्ये केव्हाही बदलता येतो. आवाज येतो तो डब्याखालच्या मोटरींतून आणि त्यांना मिळणाऱ्या विजेवर तो ठरतो, त्यामुळे आपण कानाने टिपलेली खूण अधिक भरवशाची आहे.

मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. अंतर सुमारे १६ किलोमीटर आणि डबे चार. गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची होती, म्हणजे जिचे रूळ १८६० सालीच सोलापूरपर्यंत येऊन पोचले होते, त्याच कंपनीची. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडच्या बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू केल्या. ही सगळी वीज १५०० व्होल्ट दाबाची आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी होती. आपल्या वडिलांच्या डोंबिवलीशेजारी ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभे होते, ते रेल्वेनेच आपल्या गाड्यांसाठी बांधलेले वीजघर.

त्या काळी डीसी वीज निवडण्याला सबळ कारण होते. डीसी मोटर उभ्या गाडीला जोरदार ओढ देते आणि तिची रचनाही सोपी असते. अडचण एवढीच, की थांबलेल्या मोटरीला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली तर ती जळून जाईल. म्हणून सुरुवातीला विजेच्या वाटेत मोठमोठे रोधक, म्हणजे प्रवाह अडवून कमी करणारे भाग, घालत आणि गाडीने वेग घेतला की ते एकामागून एक वगळत. प्रत्येक टप्पा वगळला की ओढ एकदम वाढे आणि दांडीला लोंबकळणारी अख्खी रांग मागे झुके. आपल्याला आठवणारा हिसका तो हाच. या पद्धतीत बरीच वीज रोधक तापवण्यातच खर्ची पडत असे, आणि गाडी थांबवतानाची सगळी ताकद ब्रेकच्या ठोकळ्यांच्या घर्षणात जात असे. गाडी उभी असताना डब्याखालून अधूनमधून जी धडधड सुरू होई, ती मात्र मोटरची नसून ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची होती.

सुरुवातीच्या गाड्या परदेशातून आल्या. १९६० च्या आसपासपासून कोलकात्याची जेसप कंपनी आणि चेन्नईतल्या पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी यांनी हे डबे बांधायला घेतले आणि पुढची कित्येक दशके मुंबईकर याच गाड्यांत दाटीवाटीने उभा राहिला. मध्य रेल्वेवर गाडीची लांबी वाढत गेली ती अशी : १९२७ मध्ये आठ डबे, १९६१ मध्ये नऊ, १९८६ मध्ये बारा आणि २०१२ मध्ये पंधरा. डबे वाढवायचे म्हणजे आधी फलाट वाढवायचे, म्हणून ही वाढ इतकी रेंगाळली.

खरी उलथापालथ झाली ती विजेत. गर्दी वाढली, गाड्या लांबल्या आणि १५०० व्होल्टची व्यवस्था अपुरी पडू लागली. दाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो. मग तारा जाड हव्यात आणि उपकेंद्रेही थोड्याथोड्या अंतरावर हवीत. २५,००० व्होल्टच्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विजेवर तेच काम सुमारे एक सतरांश प्रवाहात होते. पण मुंबईची लोकल चार दिवसही बंद ठेवून हा बदल करणे शक्य नव्हते. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतील असे रेक, म्हणजे डब्यांचे पूर्ण संच, आणावे लागले आणि मार्ग तुकड्यातुकड्याने बदलत नेला. मधल्या वर्षांत आपण प्रवास केला असेल, तर वाटेत काही क्षण दिवे जाऊन पंखे मंदावल्याचे आठवेल. नवे प्रवासी दचकत आणि रोजचे लोक वर्तमानपत्रातून मानही वर काढत नसत. ती जागा म्हणजे एका प्रकारची वीज संपून दुसरी सुरू होण्याची हद्द. पश्चिम रेल्वेवर हे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते २०१५ मध्ये झाले आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून निघून छत्रपती शिवाजी टर्मिनसला पोचली.

केवळ डीसीवर चालणाऱ्या गाड्यांना त्यानंतर मुंबईत कामच उरले नाही. लोकलच्या डब्याचे ठरलेले आयुष्य साधारण २५ वर्षांचे असते. ते भरलेले रेक भंगारात गेले आणि काहींत आतली विद्युत यंत्रणा बदलून त्यांना आणखी काही वर्षे चालवले गेले. त्यांच्या जागी २००७ पासून सीमेन्सची यंत्रणा असलेले आणि २०१५ पासून बॉम्बार्डियरची यंत्रणा असलेले रेक आले. यांच्या मोटरी थ्री-फेज एसी आहेत. मोटरीला हवी तशी वीज घडवणारा इन्व्हर्टर विजेची वारंवारता, म्हणजे सेकंदाला दिशा बदलण्याचा वेग, हळूहळू वाढवत नेतो, त्यामुळे रोधक वगळण्याचे टप्पे नाहीत आणि हिसकाही नाही. आपल्याला ऐकू येणारा चढता सूर हा त्या बदलत्या वारंवारतेचा आहे. ब्रेक लावताना याच मोटरी जनित्राचे काम करून वीज परत तारेत सोडतात. २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झालेली वातानुकूलित लोकल ही त्याच्या पुढची पायरी. तिची चर्चा बहुधा तिकिटाच्या दरावरच अडते, ते एका परीने स्वाभाविकच म्हणायला हवे.

आता वंदे भारत. कर्मचाऱ्याचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. लोकलला वेगळे इंजिन नसते. दर तीन डब्यांमागे एक मोटर कोच, म्हणजे खाली मोटरी असलेला डबा, असतो, म्हणजे बारा डब्यांत चार. कल्याणच्या पुलावरून खाली पाहिलेत, तर छतावर तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ असलेला डबा तो, हे ओळखता येईल. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या सोलापूरच्या वंदे भारतमध्येही ओढ अशीच गाडीभर वाटलेली आहे. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत. फरक आहे तो अंतर्रचनेत, वेगात आणि रुंदीत. लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद असतो, तर लांब पल्ल्याच्या गाडीचा सुमारे सव्वातीन मीटर. तेवढ्या रुंदीमुळेच लोकलमध्ये दोन्ही बाजूंना तिघांची बाके बसतात, आणि तिघांच्या बाकाच्या कडेवर अर्धे टेकून जाणाऱ्या चौथ्या सीटचा हक्कही मुंबईत रूढ झाला.

ओढ वाटून दिल्याचा लाभ भोर घाटात दिसतो. तिथे चढ ३७ ला १ असा आहे. मुंबईहून परतताना सिद्धेश्वर रात्री कर्जतला थांबते, मागून रेटा देणारी बँकर इंजिने लागल्याचा धक्का वरच्या बर्थवरही जाणवतो आणि मगच गाडी घाट चढू लागते. वंदे भारत तोच घाट मागून कुणाचाही रेटा न घेता चढते.