मामाची गाठ परत कशी आली, हे तिला शोधायचंय

भांडुपच्या दादा, नमस्कार. मुलीला ड्रॉप घेऊनही नीटमधून सीट मिळाली नाही, ती म्हणते मला ब्रेन ट्यूमरवर रिसर्च करायचाय, आणि तुमचं म्हणणं अजून एक ड्रॉप घे, आधी डॉक्टर हो मग काय ते कर. मार्कांचं मला टेन्शन नाही. खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य, 'घरात एक डॉक्टर असती तर तिचा मामा वाचला असता.' अहो, हे तिच्यासमोर बोलता का तुम्ही? मामाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर होता, घरात डॉक्टर असले तरी यात माणसं जातात, कारण सगळे उपचार करूनही हा ट्यूमर बहुतेक वेळा परत येतोच. हे ओझं आजच्या आज उतरवा तिच्या डोक्यावरून.

तुम्हीच लिहिलंय, 6 आठवडे ती मामासोबत रेडिएशनला जायची, तो बाहेर आला की त्याच्या कपाळावर, डोकं हलू नये म्हणून लावतात त्या मास्कच्या जाळीचे वळ दिसायचे. आणि नंतर तिने विचारलं, ऑपरेशन नीट झालं, 30 वेळा रेडिएशन झालं, मग गाठ परत आलीच कशी? दादा, हा प्रश्न रिसर्चवाल्याचा आहे! या ट्यूमरला नीट कडच नसते, त्याच्या पेशी मेंदूतल्या तंतूंच्या, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने लांब सरकलेल्या असतात, सर्जनला त्या दिसतही नाहीत. रेडिएशन पेशींचा डीएनए तोडतं, पण स्टेम सेलसारख्या, म्हणजे नव्या पेशी बनवत राहणाऱ्या काही पेशी तो पटापट सांधून घेतात, 2006 साली अमेरिकेतल्या एका टीमने हे दाखवलं, आणि अशा उरलेल्या पेशींतूनच गाठ पुन्हा धरते. त्यांना अडवायचं कसं, यावर अजून काम चालूच आहे.

एमबीबीएसशिवाय कॅन्सरवर रिसर्च होत नाही हा गैरसमज आहे, साफ चुकीचा. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर रिसर्च सेंटर आहे, तिथे लाइफ सायन्स, बायोटेकमध्ये एमएस्सी केलेली मुलं पीएचडी करतात, पेशी वाढवून त्यांना रेडिएशन देऊन कोण जगतं ते बघतात. डॉक्टरकी वेगळी, तिथे दिवस पेशंटमध्ये जातो, तुमच्या मुलीला ते हवंय असं पत्रात कुठेच दिसलं नाही मला.

रस्ता ओळखीचाच, आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, तशीच नेस्ट, नाहीतर मुंबईतच चांगलं बीएस्सी, पुढे एमएस्सी आणि पीएचडीआधीची नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ ही रिसर्चची फेलोशिप मिळाली की महिना 37,000 रुपये, पण आजपासून पीएचडी हातात यायला 10 वर्षं धरून चाला, प्रयोग महिनोन्‌महिने फसतात, हे तिलाही सांगा.

ड्रॉपच्या क्लासची फी अजून भरली नसेल तर भरू नका.