‘मी फक्त फॉरवर्ड केला होता, मॅडम’

समोरची व्यक्ती ‘मी फक्त...’ अशी सुरुवात करते, तेव्हा पुढचं मला साधारण ठाऊक असतं. कुणाचा तरी फोटो आरोपासकट पुढे ढकललेला असतो, आरोप खोटा निघालेला असतो. मग झोप उडते आणि प्रश्न येतो: माझ्यावर केस होईल का?

कायद्याचं आधी सांगून टाकते. बदनामीकारक मजकूर पुढे पाठवणाराही अनेक देशांत जबाबदार ठरू शकतो. ‘मी कुठे लिहिला होता?’ एवढ्याने सुटका होईलच असं नाही. त्यापुढचं वकिलाला विचारा. मी समुपदेशक; माझ्या वाट्याला येतो तो उरलेला माणूस.

या गृहस्थांनी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ‘मुलं पळवणारा’ म्हणून फिरणारा एकाचा फोटो सहा ग्रुपवर टाकला होता. तो माणूस निर्दोष निघाला. पहिली दोन सत्रं घटकेत ‘माझी काय चूक?’ आणि घटकेत ‘मी नालायक आहे’ यातच गेली.

तिसऱ्या सत्रात म्हटलं, ‘मोबाइल काढा. पाठवलात कसा, ते दाखवा.’

मूळ मेसेज आला त्या ग्रुपवर तो अजून होता. मी वर बोट ठेवलं. ‘हे दोन बाण कसले?’

‘खूप जणांनी पाठवलाय, त्याचे. म्हटलं, एवढे लोक पाठवतायत म्हणजे खरंच असणार.’

असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने २०२० मध्ये घातली. ‘मग सहा ग्रुपवर कसा गेला?’

‘एकेक करून.’ ते स्क्रीनकडे बघत राहिले. बराच वेळ. ‘म्हणजे सहा वेळा अडवलं होतं मला.’

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने, ती मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करते. तिथे कृतीला चूक म्हणतात, माणसाला नालायक ठरवत नाहीत. ‘मी नालायक’ ही शिक्षा कठोर वाटते खरी, पण फार सोयीची असते: नालायकाकडून दुरुस्तीची अपेक्षा कोण ठेवतं? यांनी मेसेज गुपचूप डिलीट केले होते, दोन ग्रुप सोडले होते. दुरुस्ती मात्र कुठेच टाकली नव्हती. हे मला त्या क्षणी दिसलं, आणि खरं सांगते, स्वतःवरच खूश झाले.

पुन्हापुन्हा कानावर पडलेलं खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसत आलंय. म्हणून नुसतं पुसून भागत नाही. जिथे चूक केली त्याच ग्रुपवर लिहा, खरं काय ते आधी, फोटो पुन्हा न टाकता. सोडलेल्या ग्रुपवर एखाद्या ओळखीच्या सदस्याकरवी टाका.

त्यांचा पहिला मसुदा अकरा ओळींचा होता. नऊ ओळी स्वतःच्या चांगल्या हेतूबद्दल! त्या खोडल्या आणि एक नवी आली: ‘मी न तपासता पाठवला.’

पुढच्या सत्रात त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. ग्रुपवर दोन अंगठे, बाकी शांतता. खाली एकाचा खासगी मेसेज: ‘मीपण पाठवला होता. तुमचंच लिहिलेलं टाकू का?’